पहिल्या महायुद्धातील शेवटपर्यंत हयात राहिलेले अमेरिकन सैनिक कोण होते आणि त्यांचा शेवट कसा झाला?

ते फ्रँक बकल्स. मिसुरी राज्यात १ फेब्रुवारी १९०१ रोजी जन्मलेल्या बकल्स यांना मरीन दल आणि नौदल या दोघांनीही परत पाठवले होते. तरीही वय वाढवून सांगून ते १९१७ मध्ये, अवघ्या सोळाव्या वर्षी, भूदलात भरती झाले. इंग्लंड आणि फ्रान्समध्ये त्यांनी रुग्णवाहिका चालवली आणि युद्धविरामानंतर जर्मन कैद्यांना मायदेशी पोहोचवण्याचे काम केले. प्रत्यक्ष आघाडीवर लढण्याची वेळ मात्र त्यांच्यावर कधी आली नाही.

खरी होरपळ त्यांच्या वाट्याला आली ती दुसऱ्या महायुद्धात, आणि तीही सैनिक नसताना. जहाज कंपनीच्या नोकरीनिमित्त मनिलात असताना ते जपान्यांच्या हाती सापडले आणि तीन वर्षांहून अधिक काळ उपासमार व बेरीबेरी (जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार) सोसल्यावर फेब्रुवारी १९४५ मध्ये लोस बान्योस छावणीतून त्यांची सुटका झाली.

पुढे वेस्ट व्हर्जिनियातील चार्ल्स टाउन या लहानशा गावाजवळ त्यांनी शेती केली आणि शंभरी उलटल्यावरही ते ट्रॅक्टर चालवत. त्याच घरी २७ फेब्रुवारी २०११ रोजी, वयाच्या ११० व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचे पार्थिव संसद भवनाच्या घुमटाखाली अंत्यदर्शनासाठी ठेवावे ही मागणी सभागृहांच्या नेत्यांनी मान्य केली नाही, हा मला कोतेपणा वाटतो. १५ मार्चला आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय लष्करी दफनभूमीत, पहिल्या महायुद्धातील अमेरिकन सेनापती जनरल पर्शिंग यांच्या कबरीजवळ, लष्करी इतमामात त्यांचे दफन झाले. त्यापूर्वी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी तेथे येऊन त्यांना आदरांजली वाहिली.