वाचकांचे प्रश्न : ऑल-ग्रेन बिअरसाठी किती साहित्य लागते?

प्रश्न : गेले वर्षभर मी माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) तयार अर्कापासून घरी बिअर करतो आहे. आता भरडलेल्या माल्टपासून, म्हणजे ऑल-ग्रेन पद्धतीने करून पाहायची आहे. पण साहित्याच्या याद्या वाचल्या की धडकी भरते : तीन मोठी भांडी, पंप, गिरणी, चिलर (उकळल्यावर थंड करायचे उपकरण). एवढे खरोखर लागते का? आणि स्वयंपाकघरातल्या शेगडीवर जमेल का? फर्मेंटर (आंबवायचे भांडे), एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न येऊ देणारी झडप), हायड्रोमीटर (घनता मोजायचे साधन) आणि बाटल्या माझ्याकडे आहेत.

उत्तर : एवढे लागत नाही. तुमच्याकडे आहे त्यात एक मोठे पातेले, जाळीची पिशवी, भरवशाचा थर्मामीटर, दोन वजनकाटे आणि वर्ट (माल्ट भिजवून मिळणारे गोड पाणी) थंड करण्याची सोय, एवढीच भर घाला. (घरी बिअर करायला तुमच्याकडे कायद्याने परवानगी आहे ना, एवढे आधी पाहून घ्या.)

तीन भांडी लागतात ती कामे वाटून घेण्यासाठी : एकात पाणी तापते, दुसऱ्यात माल्ट भिजतो, तिसऱ्यात वर्ट उकळतो. ऑस्ट्रेलियातल्या घरगुती ब्रूअरांनी पिशवीची पद्धत रूढ केली आणि तिन्ही कामे एकाच पातेल्यात होऊ लागली. पातेल्यात बारीक जाळीची नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची पिशवी लावायची, तिच्यात माल्ट भिजवायचा, तासाभराने पिशवी वर उचलून निथळू द्यायची आणि खाली उरलेला वर्ट त्याच पातेल्यात उकळायचा. मी आजही असेच करते. पंप घ्यावा असे मला कधी वाटले नाही.

आता शेगडी. मोठ्या उत्साहाने २० लिटरपासून सुरुवात करणारे बरेच जण इथे अडतात. २० लिटर बिअरला साधारण साडेचार किलो माल्ट आणि ३० लिटर पाणी लागते, म्हणजे पातेले ४० लिटरचे हवे. तेवढा वर्ट घरगुती शेगडीवर उकळीला यायलाच तास जातो, आणि आला तरी नुसता खदखदत राहतो. खळखळून उकळी हवी, कारण उकडलेल्या मक्यासारख्या चवीचे काही घटक वाफेबरोबर निघून जावे लागतात. त्याच कारणाने झाकणही ठेवायचे नाही. मोठा गॅस बर्नर घेता येतो, पण तो उघड्यावरच पेटवायचा. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो.

म्हणून माझा आग्रह १० लिटरचा आहे. सव्वादोन किलो माल्ट, १६ लिटर पाणी, २० लिटरचे पातेले. साध्या शेगडीवर हे छान उकळते, आणि पिशवी एका माणसाला उचलता येते. तीस लिटर गरम पाण्यातून निथळणारी पिशवी एकट्याने उचलणे धोक्याचे आहे. पातेले शक्यतो स्टेनलेस स्टीलचे घ्या. ॲल्युमिनियमचेही चालते, फक्त ते तीव्र अल्कधर्मी पावडरीने घासू नका.

थर्मामीटरवर मात्र काटकसर नको. अर्काच्या बिअरमध्ये स्टार्चची साखर कारखान्यात झालेली असते. इथे ती तुमच्या पातेल्यात, माल्टमधल्या एन्झाइम्सकडून व्हायची असते. ६३-६४ अंश सेल्सिअसला यीस्टला पचणारी साखर जास्त बनते आणि बिअर कोरडी, हलकी होते. ६८-६९ ला न पचणारी साखर जास्त उरते आणि बिअर भरीव लागते. चार-पाच अंशांत बिअरचा स्वभाव बदलतो, आणि स्वस्त काट्याचे थर्मामीटर तेवढे सहज चुकतात. डिजिटल, लांब दांड्याचा घ्या आणि वापरण्याआधी बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का ते पाहा. पाणी ७० अंशांवर आणून त्यात माल्ट घातला की मिश्रण ६७ च्या आसपास स्थिरावते. मग आच बंद करून पातेल्याला जाड रजई गुंडाळा.

उकळीच्या आधी जे काही वापरता ते स्वच्छ असले की पुरे, कारण पुढची उकळी जंतू मारतेच. उकळी संपल्यावर मात्र वर्टला लागणारी प्रत्येक वस्तू सॅनिटायझरमधून काढलेली हवी : चमचा, नळी, फर्मेंटरचे झाकण, तोटी. फॉस्फरिक आम्लाचे, न धुता चालणारे सॅनिटायझर सर्वांत सोयीचे. ब्लीच टाळा. त्याचा अंश राहिला तर बिअरला औषधासारखी चव येते.

१० लिटर वर्ट बर्फाच्या पाण्याच्या टबात ठेवूनही थंड होतो. २० लिटरला तांब्याच्या नळीचे वेटोळे घ्यावे, १० मिलिमीटर व्यासाची दहा-बारा मीटर नळी पुरते. उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत ते वर्टमध्येच बुडवले की वेगळे निर्जंतुक करावे लागत नाही.

गिरणी आताच नको, माल्ट भरडूनच मागवा. पीएच (आम्लता) मोजणारा मीटरही राहू द्या. (पीएचची मोजपट्टी १९०९ मध्ये रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बिअरच्याच घरात, मांडली. तरी पहिल्या बिअरला मीटर लागत नाही.) वजनकाटे मात्र दोन हवेत : एक माल्टसाठी, आणि हॉप्ससाठी (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांसाठी) एक ग्रॅमच्या आतला फरक दाखवणारा.

पैसे उरले तर ते आंबवणीच्या तापमानावर खर्च करा. आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडते, त्यामुळे फर्मेंटरच्या आत खोलीपेक्षा तापमान काही अंश जास्त असते. एल प्रकारच्या बिअरच्या बहुतेक यीस्टना १८ ते २० अंश मानवतात. जुना फ्रिज आणि त्याला जोडलेला तापमान नियंत्रक, ही जोडी चकचकीत तीन भांड्यांपेक्षा बिअर कितीतरी जास्त सुधारते.

प्रश्न : पिशवीच्या पद्धतीने पहिली बिअर केली. कृतीत सुरुवातीची (आंबवण्याआधीची, वर्टमध्ये साखर किती ते सांगणारी) घनता १.०४८ होती, हायड्रोमीटरने १.०३६ दाखवली. हायड्रोमीटर बिघडला असेल का?

उत्तर : नमुना गरम होता का? बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांसाठी आखलेले असतात आणि गरम वर्टमध्ये आकडा कमी दिसतो. नमुना थंड करून पुन्हा मोजा. साध्या पाण्यात २० अंशांना १.००० दिसले तर हायड्रोमीटर ठीक आहे. तरीही घनता कमी आली तर भरड तपासा. मूठभर माल्ट कागदावर पसरा. अख्खे दाणे दिसत असतील तर त्यांच्यातला स्टार्च बाहेर आलेलाच नाही. पिशवी असल्यामुळे फोलपटांचा थर तुंबायची भीती नसते, तेव्हा पुढच्या वेळी थोडे बारीक भरडून मागा, आणि भिजवताना गुठळ्या फुटेपर्यंत नीट ढवळा.