नियम बदलले की आधी विहिरीवर जाऊन बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन गोष्ट रंगवायचा खेळ, त्याच्या ३.५ आवृत्तीच्या नियमांवर सात वर्षं चाललेला डाव आता पाचव्या आवृत्तीत न्यायचाय, तर कथेत एखादा प्रलय आणावा की काही झालंच नाही असं धरून पुढे जावं?

प्रलयाचा मोह मलाही झाला होता. फरगॉटन रेल्म्स हे या खेळाचं तयार जग, त्याच्या लेखकांनी तेच केलं. १९८९ साली दुसऱ्या आवृत्तीतून मारेकऱ्यांचा क्लास (पात्राचा प्रकार) काढला, तर कथेत देव पृथ्वीवर उतरले आणि त्या धुमाळीत सगळे मारेकरी एकदम मेले. २००८ साली चौथ्या आवृत्तीने 'सकाळी मंत्र पाठ करा, म्हटला की विसरा' ही जुनी रीत मोडली. त्यासाठी जादूची देवीच मारली आणि काळ शंभरेक वर्षं पुढे ढकलला. २०१४ ला पाचवी आवृत्ती आली तेव्हा देवी परत हजर! मारेकरी आता नाहीत, एवढं टेबलावरच्या चार जणांना सांगितलं असतं तरी भागलं असतं.

माझं म्हणणं, नवे नियम हातात आले की आधी पाणी बघा.

आम्ही मालवणात खेळतो. खेळासाठी मी रचलेलं जग म्हणजे आपलाच खाडीपट्टा: कातळ, जांभा, जूनपासून धो धो आणि मे महिन्यात विहिरीत नुसता गाळ. तिथलं अर्धं राजकारण एका विहिरीवर, आणि विहीर खोताच्या ताब्यात. ३.५ मध्ये पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे नवख्या, क्लेरिकला (मंत्र म्हणणारा पुजारी) दिवसाला तीन किरकोळ मंत्र. तिन्ही पाणी निर्माण करण्यावर घालवले तरी दर मंत्राला २ गॅलन, म्हणजे जेमतेम २३ लिटर. खोत निर्धास्त.

मग आम्ही पाथफाइंडरवर, म्हणजे ३.५ वरूनच निघालेल्या दुसऱ्या खेळावर गेलो. तिथे तोच मंत्र कितीही वेळा म्हणता येतो. दर ६ सेकंदांना साडेसात लिटर. आमच्यातला एक जण उन्हाळ्यात पाण्याचा टँकर चालवतो, त्याने जागच्या जागी हिशेब केला: तासाला साडेचार हजार लिटर. "मगे बावीसाठी (विहिरीसाठी) ह्ये भांडतत कित्याक?" मी गप्प. 'देवाला चालत नाही' असं सांगून बघितलं, कोणी ऐकलं नाही. बरोबरच होतं त्यांचं.

शेवटी मंत्र नीट वाचला. न वापरलेलं पाणी एका दिवसात नाहीसं होतं. म्हणजे साठवण नाही. पुजारी रोज यायलाच हवा आणि तो रुसला तर गाव कोरडं. तीन बैठकांत खोत कंगाल झाला आणि पुजारीच नवा खोत झाला. विहिरीकडे कोणी फिरकेना. गाळ भरला, काठावर करवंदीची जाळी माजली. यातलं काहीच मी आधी ठरवलं नव्हतं.

मग आम्ही पाचव्या आवृत्तीवर आलो. तिथे तो मंत्र पुन्हा स्लॉट, म्हणजे दिवसाच्या मोजक्या मंत्रांतली एक जागा, खाऊ लागला. १० गॅलन, नवख्या क्लेरिकला दोन स्लॉट, दिवसाला फार तर ७६ लिटर. पुजाऱ्यांचा तोरा एका बैठकीत उतरला. का, ते मी आजतागायत सांगितलेलं नाही. गावात मात्र चार कारणं फिरतात. पण विहीर बुजलेली आणि गाळ उपसणारी माणसं केव्हाच पोटासाठी गाव सोडून गेलेली. ती शोधून आणण्यात आमचा अख्खा पावसाळा गेला. आमच्या खेळातला सर्वात चांगला भाग तोच.

स्किल पॉइंट, हिट पॉइंट वगैरे पात्रांच्या आकड्यांचं रूपांतर टेबलावर उरका, जगाला त्याचं काही नाही.

तुमच्या उडीत पाण्याचा फरक थोडा आहे, उजेडाचा मोठा. ३.५ मध्ये पहिल्या लेव्हलच्या जादूगाराचा दिवा दहा मिनिटं टिकायचा आणि मंत्रही मोजकेच. आता तासभर टिकतो, विझला की पुन्हा लावा, फुकटात. तुमच्या जगात बंदर आहे असं लिहिलंयत. तिथल्या दीपस्तंभाला तेल कोण पुरवतं, ते आधी कळवा, मग पुढचं बोलू.