आधी मांगा की आधी अ‍ॅनिमे: एका प्रश्नाचे लांबलेले उत्तर

आपण विचारले आहे की 'कागुया-सामा'चे तिन्ही हंगाम आणि 'होरिमिया' या अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिका, पाहून झाल्यावर त्यांचा मांगा, म्हणजे मूळ छापील चित्रकथा, वाचण्यात काही हशील आहे का, की तीच गोष्ट पुन्हा कागदावर पाहणे होईल. जोडीला अशी तक्रारही केली आहे की या कथांमधली मुले मनातले एकदाचे सांगून का टाकत नाहीत. आधी तक्रारीकडे वळतो, कारण प्रश्नाचे निम्मे उत्तर तिच्यातच आहे.

जपानी शाळकरी प्रेमकथेत 'कोकुहाकु', म्हणजे "मला तू आवडतेस" असे समोरासमोर स्पष्ट सांगणे, ही नाते सुरू झाल्याची खूण मानली जाते. ते वाक्य उच्चारले जाईपर्यंत दोघे रोज बरोबर घरी जात असले, एकमेकांच्या डब्यातले खात असले, तरी त्यांच्यात 'तसे काही नाही' असेच धरायचे. त्यात ही कथा नियतकालिकातून वर्षानुवर्षे क्रमशः छापली जात असते आणि ते वाक्य आले की गोष्टीतला ताण सुटतो, त्यामुळे लेखक ते पुढे ढकलत राहतो. आका आकासाका यांनी २०१५ मध्ये 'कागुया-सामा' सुरू करताना या अडचणीचेच कथाबीज केले. विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष शिरोगाने आणि उपाध्यक्षा कागुया एकमेकांवर पुरते भाळलेले आहेत, पण जो आधी कबूल करील तो हरला, असे दोघांनीही मनाशी ठरवून टाकले आहे. म्हणजे आपण ज्या टाळाटाळीला कंटाळला आहात, तीच तिथे विनोदाची जागा आहे. आणि टाळाटाळ दाखवायची तर वेळ हाताळावा लागतो. मांगा आणि अ‍ॅनिमे यांची फारकत नेमकी इथे होते.

मांगात वेळ वाचकाच्या हाती असतो. पाने उजवीकडून डावीकडे वाचायची असल्यामुळे डाव्या पानाच्या तळाची डावीकडची चौकट ही पान उलटण्याआधीची शेवटची चौकट ठरते, आणि कसलेला चित्रकार तिथे बहुधा अर्धवट वाक्य, दारावरचा हात किंवा नुसता वळलेला चेहरा ठेवतो. पुढे काय होते ते कळण्यासाठी पान आपल्यालाच उलटावे लागते. अ‍ॅनिमेत ती उसंत दिग्दर्शक ठरवतो. शिरोगानेच्या हातून काही चूक होण्याची वेळ आली की त्याच्या डोळ्यांसमोर कागुया तुच्छतेने त्याच्याकडे पाहत "किती गोड!" असे म्हणताना उभी राहते. कागदावर ती एक चौकट असते आणि आपण ती क्षणात ओलांडून जातो. अ‍ॅनिमेत तोच प्रसंग रंग, संगीत आणि निवेदक युताका आओयामा यांचा रणभूमीचे वर्णन करावे तसा गंभीर स्वर यांमुळे फुगवला जातो, आणि क्षुल्लक कारणावरून चाललेला हा थाट पाहूनच हसू येते. माझ्या मते विनोदाच्या बाबतीत इथे अ‍ॅनिमे मूळ कृतीच्या एक पाऊल पुढे आहे.

पण पहिल्या हंगामाच्या अखेरीस येणारा आतषबाजीचा प्रसंग आठवा. घरात अडकून पडलेली कागुया कशीबशी मित्रमंडळींपर्यंत पोहोचते, सगळे टॅक्सीतून उरलेली आतषबाजी गाठतात, आणि ती मिळाल्यावर तिची नजर आकाशाकडे न जाता शेजारी बसलेल्या शिरोगानेच्या चेहऱ्यावरच खिळून राहते. हृदयाच्या आवाजापुढे आतषबाजीचा आवाज ऐकूच येत नाही, असे ती मनाशी म्हणते. मांगाचा कागद मुळातच मुका आहे, तिथे हे वाक्य वाचून आवाज आपणच कल्पायचा आणि आपणच पुसायचा. अ‍ॅनिमेजवळ खरा आवाज असतो, त्यामुळे तिथे हाच प्रसंग कानांवर काम करतो. दोन्ही अनुभव घेतले तर पुनरुक्ती वाटत नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट. मांगाच्या चौकटींत हाताने रेखलेले ध्वनिशब्द असतात. 'दोकी दोकी' म्हणजे आपली धडधड. जपानीत तर संपूर्ण शांततेलाही 'शीऽन' असा शब्द आहे, आणि मुलाने काहीतरी भलतेच बोलून टाकल्यावर तो चौकटभर पसरलेला दिसतो. धडधड, चुळबूळ, लगबग, सामसूम अशा शब्दांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. इंग्रजी भाषांतरात मात्र ते पुष्कळदा कोपऱ्यातल्या बारीक टिपेत जातात. शक्यतो चित्रातली मूळ अक्षरे तशीच ठेवणारी आवृत्ती घ्यावी.

भाषांतरात याहून मोठे नुकसान होते ते संबोधनांचे. रुमिको ताकाहाशी यांच्या 'मेझोन इक्कोकु'शी (मांगा १९८० ते १९८७, अ‍ॅनिमे १९८६ ते १९८८, एकूण ९६ भाग) माझी पहिली ओळख कोणीतरी हौसेने केलेल्या इंग्रजी उपशीर्षकांतून झाली. त्यात नायिकेला सगळीकडे सरसकट 'क्योको' असे लिहिले होते. प्रत्यक्षात जुनाट इमारतीत भाड्याने राहणारा, प्रवेशपरीक्षेत नापास झालेला गोदाई त्या तरुण विधवा व्यवस्थापिकेला तोंडावर 'कान्रीनिन-सान', म्हणजे 'व्यवस्थापकबाई', असेच म्हणत असतो. सुरुवातीच्याच एका प्रसंगी तो दारूच्या नशेत सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असे तिचे नाव घेऊन आपले प्रेम जाहीर करतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला त्यातले काहीच आठवत नाही. जिथे लग्नात नाव घ्यायला उखाणा लागतो, त्या समाजातल्या वाचकाला ही गंमत एका वाक्यात कळावी, पण उपशीर्षकांमुळे मला ती दोन वर्षांनी, मांगा वाचताना कळली. त्याच क्योकोने आपल्या कुत्र्याला मात्र दिवंगत नवऱ्याचे नाव दिले आहे आणि ती त्याला 'सोइचिरो-सान' अशी आदराने हाक मारते. हसावे की गलबलून यावे, हे ठरवता येत नाही.

बोलीचेही तसेच. आया नाकाहारा यांच्या 'लव्हली कॉम्प्लेक्स'मधली उंच मुलगी आणि बुटका मुलगा ओसाकाकडच्या बोलीत भांडतात. ते प्रमाण भाषेत वाचणे म्हणजे मालवणी नाटक पुस्तकी मराठीत पाहणे. तिथे अ‍ॅनिमेच आधी पाहावे, निदान स्वर तरी कानावर पडतात.

आता 'होरिमिया'. इथे मात्र मी निःसंकोच मांगाच्या बाजूचा आहे. तापाने अंथरुणात पडलेली होरी झोपली आहे असे समजून मियामुरा आपल्या मनातले बोलून जातो आणि सुरुवातीच्या चार भागांतच दोघे एकत्र येतात. म्हणजे आपली तक्रार या कथेला लागूच नाही. तिची खरी गोडी त्यानंतरच्या बिनमहत्त्वाच्या दुपारींत आहे. २०२१ च्या अ‍ॅनिमेने सगळी कथा पदवीदानापर्यंत १३ भागांत कोंबली आणि नेमक्या त्याच दुपारी गाळल्या. २०२३ मध्ये गाळलेल्या प्रकरणांवर आणखी १३ भाग काढले गेले, हीच त्या घाईची कबुली म्हणायची. मांगा पहिल्या खंडापासून घ्यावा, मधून सुरू करू नये.

'कागुया-सामा'चे तिन्ही हंगाम आणि त्यानंतरचा चित्रपट मिळून २८ खंडांपैकी निम्म्याच्या जरासे पुढेच पोहोचतात. म्हणून तिसऱ्या हंगामानंतर चित्रपट पाहून सोळाव्या खंडापासून वाचायला घेतले तरी चालेल, थोडी उजळणी झाली तर बिघडत नाही. इझुमी त्सुबाकी यांचा 'नोझाकी-कुन' मध्ये तोंडी लावायला ठेवावा. कबुली द्यायला गेलेल्या मुलीला मांगा काढणारा नायक आपली चाहती समजून स्वाक्षरी देतो आणि मग आपल्या मांगाच्या पानांना शाई भरायला बसवतो. चार-चार चौकटींचे विनोद आहेत, प्रवासात वाचायला उत्तम.

'मेझोन इक्कोकु' मात्र एका दमात संपवू नये. सात वर्षे छापल्या गेलेल्या त्या कथेत पात्रांचीही वर्षे सरतात आणि ती सरल्याचे जाणवायला हवे. अर्ध्यावर पोहोचल्यावर आपण गोदाईच्या बाजूचे झालात की त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या, कुत्र्यांना घाबरणाऱ्या टेनिस प्रशिक्षकाच्या, ते अवश्य कळवावे.