डेव्हिड टानेनबर्ग: अठराव्या शतकातल्या अमेरिकेतला ऑर्गनवाला

प्रश्न: सुरुवातीच्या काळात युरोपातून अमेरिकेत गेलेल्या पाइप ऑर्गन बनवणाऱ्या कारागिराचं आयुष्य कसं असायचं?

मी पेट्या दुरुस्त करतो, त्यामुळे उत्तरात थोडं कारागिरीचं जास्त येईल. आधी एक घोळ मिटवतो. आपल्या संगीत नाटकांतला ऑर्गन म्हणजे पायपेटी, तिच्यात पितळी सूर असतात. पाइप ऑर्गनमध्ये प्रत्येक स्वराला स्वतंत्र नळी, एखादी पेन्सिलएवढी तर एखादी माणसाहून उंच.

या धंद्यातलं मला सगळ्यात जवळचं वाटणारं नाव डेव्हिड टानेनबर्ग. जन्म 1728, जर्मनीतल्या सॅक्सनीत. घरचे धर्मासाठी गाव सोडून आलेले, मोरेव्हियन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे लोक. 1749 मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेमला आला तेव्हा तो सुतार होता, ऑर्गनवाला नव्हे. ती विद्या त्याला तिथेच मिळाली, योहान गॉटलोब क्लेम या म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली. क्लेम 1762 मध्ये वारला आणि तीन वर्षांनी टानेनबर्गने पेनसिल्व्हेनियातल्याच लिटिट्झ गावी बिऱ्हाड हलवलं. पुढे आयुष्यभर कारखाना तिथेच.

काम काय, तर सुतार, लोहार, तांबट आणि गवई एकाच अंगात. कथील आणि शिसं वितळवून त्याचा पत्रा ओतायचा, रंधून पातळ करायचा, लाकडी साच्याभोवती गुंडाळून डाख द्यायचा. भाते चामड्याने मढवायचे. हे सगळं दुकानात झालं तरी ऑर्गन तयार होत नाही. सुटे भाग दूरच्या चर्चपर्यंत न्यायचे, तिथे जोडायचे आणि मग सूर लावायचे, कारण त्या वास्तूत वाजल्याशिवाय आवाजाचा अंदाज येत नाही. पेटीचा सूर मी टेबलावर बसून कानसीने खरवडतो. त्याला मात्र शिडी किंवा परांचीवर चढावं लागे. धातूच्या उघड्या नळीच्या तोंडात शंकूसारखं हत्यार दाबलं की तोंड फाकतं आणि स्वर चढतो; तोच शंकू उलटा घालून तोंड आवळलं की उतरतो. खाली एकजण पट्टी दाबून धरणार, दुसरा भाता मारणार. तासन्‌तास.

असे 50च्या आसपास ऑर्गन त्याने केले. 1790 मधला फिलाडेल्फियाच्या झायन लुथरन चर्चचा तर तेव्हा देशात सगळ्यात मोठा म्हणून गाजला, आणि चारच वर्षांत चर्चबरोबर जळून गेला! नॉर्थ कॅरोलिनातल्या सेलमला 1800 मध्ये जो ऑर्गन गेला, तो बसवायला तो स्वतः गेला नाही, जावई बाखमानला पाठवलं. वय बहात्तर, आणि रस्ता किती लांबचा. तो ऑर्गन 1910 मध्ये उतरवून ठेवला होता, 2004 मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा वाजू लागला.

तरी म्हातारा थांबला नव्हता. 1804 च्या मे महिन्यात पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कच्या ख्राइस्ट लुथरन चर्चमध्ये सूर लावता लावता त्याला पक्षाघाताचा झटका आला, तो परांचीवरून खाली पडला आणि थोड्याच दिवसांत गेला. तो ऑर्गन सगळ्यात आधी वाजला तो त्याच्याच अंत्यविधीला. आजही तो यॉर्कमध्येच जपून ठेवलेला आहे.