ड्राफ्टमध्ये नाव आलं, जागा कुठे आहे?

आइस हॉकीत पोटापाण्याची कारकीर्द कशी उभी राहते, याबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेकांचा रोख एनएचएलकडे, म्हणजे अमेरिका आणि कॅनडातल्या नॅशनल हॉकी लीगकडे आहे, त्यामुळे उत्तरंही मुख्यतः तिथलीच.

प्रश्न : ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीनं तरुण खेळाडू निवडतात त्या वार्षिक कार्यक्रमात, संघानं नाव पुकारलं, जर्सी घातली, फोटो निघाले. मग यातली बरीच मुलं पुढे कुठे दिसतच नाहीत, असं का?

कारण त्या दिवशी नोकरी मिळालेली नसते. त्या मुलाशी करार करण्याचा हक्क एका संघाच्या नावे राखून ठेवला जातो, एवढंच. हक्काला मुदत असते आणि मुदतीत करार झाला नाही तर तो संपतो.

आता जागा मोजा. ड्राफ्टच्या ७ फेऱ्या आणि ३२ संघ, म्हणजे दरवर्षी साधारण २२४ नावं. संघाच्या मुख्य यादीत २३ जण, त्यातले सामन्याला उतरणारे २०. साऱ्या लीगमध्ये मिळून साडेसातशेही जागा नाहीत, आणि बहुतेक जागांवर आधीच कोणीतरी बसलेलं असतं.

शिवाय अठरा वर्षांच्या मुलाचं भविष्य वाचणं हा अंदाजाचाच धंदा. मार्टिन सेंट लुईला कोणीच निवडलं नव्हतं, उंची कमी म्हणून. त्यानं २००४ मध्ये स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाचा करंडक, आणि सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफी दोन्ही मिळवली. हेन्रिक झेटरबर्ग १९९९ मध्ये २१० व्या क्रमांकावर निवडला गेला होता. उलट २०१२ चा पहिला क्रमांक नेल याकुपोव्ह सहा हंगामांनंतर एनएचएलबाहेर होता.

पण या गोष्टी ऐकून क्रमांकाला अर्थच नाही असं समजू नका. वर निवडलेल्या मुलावर व्यवस्थापनाची अब्रू लागलेली असते, म्हणून त्याला तीनदा संधी मिळते. सहाव्या फेरीतल्याला एकदाच, तीही कोणाचं तरी मनगट दुखावलं म्हणून.

प्रश्न : माझ्या आवडत्या संघातला एक तरुण चांगला खेळत असतानाच त्याला खालच्या संघात धाडलं. ही शिक्षा आहे का? आणि त्याच्या पगाराचं काय होतं?

शिक्षा क्वचितच असते. एनएचएलच्या प्रत्येक संघाचा अमेरिकन हॉकी लीगमध्ये, म्हणजे एएचएलमध्ये, एक जोडसंघ असतो आणि दोघांमध्ये ये-जा चालू असते. त्या ये-जा करण्याचे नियम खेळापेक्षा कागदावर जास्त ठरतात. अनुभवी खेळाडूला खाली पाठवायचं तर आधी त्याला ‘वेव्हर्स’वर ठेवावं लागतं. मग २४ तासांत दुसरा कोणताही संघ त्याला आपल्याकडे ओढू शकतो, आणि मूळ संघाच्या हाती काहीच उरत नाही. नवख्यांना पहिली काही वर्षं या नियमातून सूट असते. आता व्यवस्थापकाच्या जागी बसून पाहा. एकाला पाठवलं तर तो कायमचा जाण्याची भीती, दुसऱ्याला पाठवलं तर फोन केल्यावर उद्या परत. धाडला जातो तो दुसरा, मग तो दोघांत सरस का असेना.

पगाराचं उत्तर करारात असतं. तरुणांचे करार सहसा ‘टू-वे’ असतात : वर असताना एक दर, खाली असताना वेगळा, हिशोब दिवसावर. २०२५-२६ मध्ये एनएचएलचा किमान पगार हंगामाला ७,७५,००० डॉलर होता. पहिल्या करारात खालचा दर एक लाख डॉलरच्याही आत असतो. म्हणजे वर काढलेला एक दिवस खालच्या आठवड्याला भारी.

मला मात्र या मुलांची खरी अडचण वेगळीच वाटते. खाली तो पहिल्या फळीत (एकत्र उतरणाऱ्या आक्रमकांच्या सर्वांत सरस गटात) खेळतो, पॉवर प्लेला, म्हणजे समोरचा संघ एक खेळाडू कमी असताना, उतरतो, गोल करतो. वर जागा रिकामी होते ती चौथ्या फळीत. तिथे मिळणार आठ-दहा मिनिटं, आणि काम काय, तर संघ एक खेळाडू कमी असताना किल्ला लढवायचा, अंगावर पक (खेळातली रबरी चकती) झेलायचा, आपल्या हद्दीतला फेस-ऑफ, म्हणजे खेळ सुरू करताना पकसाठीची झटापट, जिंकायचा. हे काम त्यानं आयुष्यात केलेलं नसतं, कारण लहानपणापासून तोच संघातला हिरो. एएचएलमध्ये ढिगानं गोल करून तिथेच म्हातारे झालेले खेळाडू पुष्कळ आहेत. जे वर टिकले त्यांनी गोलांचा नाद थोडा सोडून रिकाम्या जागेचं काम शिकून घेतलं.

प्रश्न : मुलगा सोळाचा होईल. कॅनडातली ज्युनियर लीग की अमेरिकेतलं कॉलेज? एक निवडलं की दुसरं कायमचं बंद, असं ऐकलं आहे.

ऐकलंत ते जुनं झालं. कॅनेडियन हॉकी लीगच्या छत्राखालच्या तीन मेजर ज्युनियर लीगमध्ये खेळलेला मुलगा पूर्वी अमेरिकी कॉलेजांच्या पहिल्या श्रेणीला अपात्र ठरायचा, कारण तिथे मिळणाऱ्या भत्त्यामुळे त्याला व्यावसायिक मानलं जाई. १ ऑगस्ट २०२५ पासून ती बंदी उठली. त्यामुळे सोळाव्या वर्षी ज्युनियर आणि पुढे कॉलेज, असाही रस्ता आता खुला आहे.

फरक दिनक्रमाचा आहे. ज्युनियरमध्ये हंगामाला साठाच्या वर सामने, लांबलांब बसप्रवास, परक्या गावात यजमान कुटुंबाकडे मुक्काम. व्यावसायिक आयुष्याची रंगीत तालीमच ती. कॉलेजात सामने कमी, बहुधा शुक्रवार-शनिवारी, त्यामुळे व्यायामशाळेला वेळ मिळतो. पण प्रतिस्पर्धी वयानं मोठे, अंगानं भरलेले. उशिरा वाढणाऱ्या मुलाला मी कॉलेजकडे झुकवेन. प्रशिक्षकाला एक प्रश्न नक्की विचारा : याला मिनिटं किती मिळतील? नामांकित संघाच्या बाकावर बसून कोणी शिकत नाही. ज्युनियर लीग शिक्षणासाठी पैसे देऊ करतात, तेव्हा व्यावसायिक करार झाल्यावर त्या पैशांचं काय होतं हेही लेखी घ्या.

प्रश्न : गोलरक्षकांना हेच नियम लागू होतात का?

कागदावर होय. प्रत्यक्षात त्यांचं गणित जास्त निष्ठुर आणि घड्याळ जास्त सावकाश. प्रत्येक संघात दोन, म्हणजे लीगभर साधारण चौसष्ट जागा, आणि पहिला धडधाकट असला की दुसरा बहुतेक वेळ बाकावर. पण पिकायला त्यांना उशीर लागतो, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. टिम थॉमस १९९४ मध्ये २१७ व्या क्रमांकावर निवडला गेला, फिनलंडसह बरीच वर्षं बाहेर खेळत राहिला आणि तिशी ओलांडल्यावर बोस्टनचा नियमित गोलरक्षक झाला. २०११ मध्ये संघानं स्टॅनली कप जिंकला तेव्हा प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू सदतिशीतला हाच गृहस्थ होता.

(२२ फेब्रुवारी २०२० ला कॅरोलायना संघाचे दोन्ही गोलरक्षक जायबंदी झाले आणि बेचाळीस वर्षांच्या डेव्हिड एअर्स या हौशी गोलरक्षकानं ऐनवेळी उतरून टोरांटोविरुद्ध सामना जिंकून दिला. झकास किस्सा आहे, पण तो कारकिर्दीचा रस्ता समजू नये.)

प्रश्न : डोक्याला मार लागण्याची भीती वाटते. आता खेळ पूर्वीपेक्षा सुरक्षित झाला आहे का?

साधनं सुधारली. एनएचएलमध्ये १९७९ पासून नव्या खेळाडूंना हेल्मेट सक्तीचं झालं, २०१३ पासून नव्यांना डोळ्यांपुढचं व्हायझर. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या सामन्यात स्केटचं पातं मानेला लागून अ‍ॅडम जॉन्सन गेला, तेव्हापासून मानेच्या संरक्षकांकडे लोक गांभीर्यानं पाहू लागले. पण मेंदू आतल्या आत हादरतो, त्याला हेल्मेट पुरेसं पडत नाही. सिडनी क्रॉस्बीसारखा लीगचा मोठा तारासुद्धा डोक्याच्या मारामुळे २०११ मध्ये बरेच महिने बाहेर होता. त्याची जागा त्याची वाट पाहत होती. चौथ्या फळीतल्याची पाहत नाही, म्हणून तो डोकं दुखत असल्याचं लपवतो. माझ्या मते सर्वांत मोठा धोका हाच, आणि त्यावर साधन निघालेलं नाही.

प्रश्न : मुलींना यात व्यवसाय आहे का?

आहे, पण नवा. प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीग जानेवारी २०२४ मध्ये सहा संघांनी सुरू झाली, २०२५-२६ मध्ये संघ आठ झाले. पगार पुरुषांच्या आसपासही नाहीत. कॉलेजची पदवी पूर्ण करूनच तिकडे वळावं.

प्रश्न : एनएचएल जमलं नाही तर सगळं संपलं?

मुळीच नाही. स्वीडन, फिनलंड, स्वित्झर्लंड, जर्मनी, चेकिया इथल्या लीगांत चांगलं जगता येतं. एनएचएलच्या ऐंशीहून जास्त सामन्यांपुढे स्वीडनच्या किंवा स्वित्झर्लंडच्या अव्वल लीगमध्ये नियमित हंगाम ५२ चा. प्रवास कमी, रात्री बहुधा घरी.

एक मात्र ध्यानात ठेवा. अनेक लीगांत परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असते, म्हणून संघ परदेशी माणूस घेतो तो गोल करायला किंवा पॉवर प्ले चालवायला. चौथ्या फळीचं काम तिथली स्थानिक मुलं करतात. म्हणजे एनएचएलच्या दारात उभं राहायला जे कसब विसरावं लागलं, तेच इथे पुन्हा काढावं लागतं. करारात घर आणि गाडी बऱ्याचदा धरलेली असते. पगाराचा आकडा कर वजा करून दिला आहे की करासकट, आणि हंगामाच्या मध्यात दुखापत झाली तर विमा कोणाचा, एवढं सही करण्याआधी एजंटाकडून लेखी मागून घ्या.