चिठ्ठ्या तीन, आजार एक

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे. आमचे पाच एकर कोरडवाहू वावर आहे. ३ वर्षांपूर्वी तुरीच्या जागलीला जात असताना, ‘धुऱ्यापलीकडची माणसे माझ्याविषयी बोलतात, माझ्या पाण्यात फवारणीचे औषध टाकतात,’ असे तो म्हणू लागला. पहिल्या डॉक्टरांनी ‘पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया’ लिहिले, दुसऱ्यांनी ‘अनडिफरन्शिएटेड’ आणि आता ‘रेसिड्युअल’ असे लिहून आले आहे. गोळ्या सुरू आहेत, आवाज थांबले आहेत. पण तो दिवसभर ओसरीवर बसून असतो. पोळ्याला बैलांना तोच सजवायचा, यंदा उठलासुद्धा नाही. त्याचा नेमका प्रकार कोणता आणि कोणत्या डॉक्टरांचे चुकले?
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रावरून तरी कोणाचेच चुकलेले दिसत नाही. तिन्ही चिठ्ठ्यांवर आजार एकच आहे, तो स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि खोटे संशय मनात घर करतात असा मनोविकार. ज्याने ज्या वेळी तपासले, त्या वेळी जी लक्षणे ठळक होती त्यांवरून त्याने नाव दिले. संशय आणि आवाज यांचा जोर असेल तर पॅरानॉइड, बोलण्या-वागण्याची घडी विस्कटून अकारण हसू येत असेल तर हेबेफ्रेनिक, शरीराच्या हालचालीच बिघडल्या तर कॅटाटोनिक, कशातच नीट बसत नसेल तर अनडिफरन्शिएटेड आणि उग्र लक्षणे ओसरून मागे मंदपणा उरला तर रेसिड्युअल, अशी ती जुनी विभागणी होती. यांपैकी पहिले तीन प्रकार जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकाच आजाराखाली आणले. पुढे अडचण अशी आली, की तोच रुग्ण काही वर्षांत एका प्रकारातून दुसऱ्यात जाई, आणि प्रकार कळला म्हणून औषध निवडणे फारसे सोपेही होत नसे. म्हणून मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणाने २०१३ मध्ये, तर जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने हे प्रकार सोडून दिले. जुनी नावे चिठ्ठ्यांवर अजून दिसतात, कारण हात त्याच लिखाणाला सरावलेले आहेत.

एक चित्र मात्र प्रत्येकाला ओळखता आले पाहिजे, ते कॅटाटोनियाचे. माणूस बोलणे, खाणे, पाणी पिणे थांबवतो. त्याचा हात उचलून ठेवला तर तो तसाच अधांतरी राहतो. कधी उलट, काही कारण नसताना तो अनावर होतो. आपल्याकडे याला ‘बाहेरचे’ म्हणून अंगारे-धुपारे करण्यात चार दिवस जातात आणि तेवढ्यात शरीरातले पाणी आटते. याला लोराझेपाम नावाच्या औषधाने पुष्कळदा काही तासांतच फरक पडतो आणि न पडल्यास विद्युत उपचार उपयोगी ठरतात. ताठरलेल्या रुग्णाला ताप असेल, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे. मनोविकारावरील गोळ्यांच्या एका दुर्मीळ पण जिवावर बेतणाऱ्या दुष्परिणामातही असेच होते.

आता आपल्या भावाचे ओसरीवर बसणे. आरडाओरडा थांबला की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि महिन्या-दोन महिन्यांत ‘आता बरा आहे, तरी वावरात पाय टाकत नाही’ असे बोल सुरू होतात. हा आळस नसावा. इच्छा, उत्साह आणि बोलणे आटत जाणे हा या आजाराचाच एक भाग आहे, आणि संशयाला उतार पाडणारी औषधे त्यावर तितकीशी चालत नाहीत. पण बसून राहण्याला आणखी दोन कारणे असू शकतात. चालताना त्याचे हात हलतात, की अंगालगत ताठ राहतात? चहाची कपबशी धरताना खडखडते का? तोंडातून लाळ येते का? तसे असेल तर तो गोळ्यांचा परिणाम असू शकतो. मात्रा किंवा औषध बदलून तो कमी करता येतो. मात्र गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. ३ वर्षांपूर्वीचा तो जागलीचा काळ परत येण्याची ती सर्वांत सोपी वाट आहे. दुसरे कारण खिन्नतेचे. ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास होतो’ असे तो म्हणत असेल किंवा मरणाचा विषय काढत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे आणि फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा विचार असेल, तर तेथेही प्रकाराला महत्त्व नाही. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणे-समजणे, काम आणि आजाराचा काळ यांवरून टक्के ठरतात.

पुढच्या खेपेला तिन्ही चिठ्ठ्या आणि रिकामी झालेली गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. तो किती वाजता उठतो, आंघोळ सांगावी लागते का, दिवसातून किती वाक्ये आपणहून बोलतो, हे आठवडाभर वहीत टिपून ठेवावे. तोवर त्याला निंदणाला पाठवण्याचा आग्रह नको. संध्याकाळी बैलांना पाणी दाखवण्याचे काम त्याच्याकडे द्यावे आणि पहिले काही दिवस आपणही बादली घेऊन बरोबर जावे.