हर्मिट क्रॅब आठ दिवस वाळूत गेलाय, मेला असेल का? उकरून बघू का?

उकरू नका. आजही नाही आणि महिनाभराने अगदी राहवलं नाही तरीही नाही.

तुम्ही लिहिलंय की मुलीच्या हट्टाखातर रंगवलेल्या शंखातला खेकडा घेतला, जाळीच्या झाकणाच्या काचपेटीत दोन इंच वाळूवर ठेवला, खोलीत रात्री एसी असतो, आणि आता तो वरच येत नाही. तो मेला असेल त्यापेक्षा कात टाकत असेल, हीच शक्यता जास्त. वाढायचं तर या खेकड्यांना जुनं कवच उतरवावं लागतं, आणि नवं टणक होईपर्यंत ते वाळूखाली अंधारात पडून राहतात. लहानग्याला तीन-चार आठवडे लागतात, मोठ्याला दोन-तीन महिनेसुद्धा.

माझा पहिला खेकडा मी उकरूनच गमावला. तेव्हा आम्ही गोरेगावला राहायचो. तिसऱ्या आठवड्यात धीर सुटला आणि मी चमच्याने वाळू बाजूला केली. आत तो भिजवलेल्या साबुदाण्यासारखा पांढुरका, अर्धपारदर्शक झाला होता. एक पाय चमच्यालाच चिकटून निघून आला. शेजारी त्याचं जुनं कवच अर्धवट कुरतडलेलं पडलं होतं, ते मी घाण समजून फेकून दिलं. खरं तर तेच त्याचं जेवण होतं, नव्या कवचासाठी लागणारं कॅल्शियम त्याला त्यातूनच मिळतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला. अजूनही त्याची आठवण आली की वाईट वाटतं.

मेला असेल तर सडक्या मासळीचा उग्र वास येईल. सुकटीच्या वासाची सवय असलेल्या नाकालाही तो वेगळा कळतो. तसा वास नसेल तर पेटीला काळा कागद गुंडाळा आणि ती जागची हलवू नका.

झाकण मात्र आजच बदला. हे खेकडे जमिनीवर राहतात, पण श्वास कल्ल्यांनीच घेतात, आणि ते कल्ले ओले राहायला हवेत. हवेतली आर्द्रता ७५ ते ८५ टक्के लागते. जाळीवर काच किंवा प्लॅस्टिक टाका, फक्त एका कोपऱ्यात फट ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात फार काही करावं लागत नाही. एसीच्या खोलीत आणि डिसेंबर-जानेवारीत मात्र हवा कोरडी पडते, आणि कोरड्या हवेत ते हळूहळू गुदमरतात. बरेच जण याच कारणाने दगावतात आणि घरच्यांना वाटतं, त्याचं आयुष्यच तेवढं होतं. नीट ठेवला तर हा प्राणी वीस-तीस वर्षं जगू शकतो.

तो वर येईपर्यंत मोठी पेटी तयार ठेवा. धुतलेली बारीक वाळू पाच भाग आणि नर्सरीतलं खत न घातलेलं कोकोपीट एक भाग, असा किमान सहा इंचांचा थर हवा. मुठीत दाबल्यावर मुटका वळला पाहिजे, पण पाणी गळता कामा नये. पाण्याची भांडी दोन लागतात, एक गोड्या पाण्याचं आणि एक खाऱ्या. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन शोभेच्या माशांच्या दुकानात मिळणाऱ्या थेंबांनी काढा. खाऱ्या पाण्याला समुद्री टँकचं मीठ घ्या, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. दोन्ही भांड्यांतून त्याला चढून बाहेर येता आलं पाहिजे. खायला मीठ न लावलेला सुका जवळा, ओलं खोबरं, पपई देता येईल.

रंगीत शंखातून त्याला ओढून काढू नका. तो सोडत नाही, प्रसंगी फाटून मरतो. थोड्या मोठ्या, गोल तोंडाचे चार-पाच साधे शंख जवळ ठेवा, तो आपणहून बदलेल. रंगाचे टवके त्याच्या पोटात जातात, म्हणून हे लवकर झालेलं बरं.

सोबतीला गिरगाव किंवा मार्वेच्या खडकांतून शंखातले खेकडे आणायचा विचार असेल तर तो सोडा. ते समुद्राच्या पाण्यातले, तुमच्या पेटीत तगणार नाहीत. दुकानातून दुसरा घेऊ नका असंही मी म्हणेन. यांची पिल्लं समुद्रातच वाढतात, घरात जवळजवळ कोणालाच वाढवता येत नाहीत, त्यामुळे विकायला आलेला बहुतेक प्रत्येक खेकडा कुठल्या तरी किनाऱ्यावरून उचललेला असतो. सोबत त्यांना आवडते हे खरं. कोणाला आपला खेकडा सांभाळणं जमत नसेल तर तो घ्या, माझे आताचे दोन तसेच आलेत.